कुणाचाच नसलेला पेला

आमच्या ह्यांचा हट्ट समजायला हवा असेल तर आधी चपलेची पाटी समजून घ्या.

हे बोर्ड रंगवायचे. आयुष्यभर तेच केलं. कुणी दुकान काढायचं म्हटलं की आधी पेंटरला बोलावणं, मग बाकीचं सामान. बाजाराच्या रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानाची पाटी ह्यांनीच केली होती आणि तिच्यावर मालकाच्या पायातली चप्पल बघून चप्पल काढली होती. अंगठ्यापाशी झिजलेली, पट्ट्याचा टाका उसवलेला. मालक म्हणाला, अहो पेंटर, मी नव्या चपला विकतो, जुन्या नाही. हे म्हणाले, समोर आहे ते काढलंय, खोटं काढायचं असेल तर दुसरा माणूस बघा. पाटी तशीच लागली. वर्षानुवर्षं लोक येऊन विचारायचे, ती पाटीवरची चप्पल आहे का हो, तिच्यात पाय बरा बसेल असं वाटतं. मालक कपाळाला हात लावायचा आणि चहा मागवायचा. दोघांची चांगली गट्टी होती.

मग छापील फ्लेक्स आले. बटण दाबलं की पाटी तयार, वर हिरवीगार झाडं आणि हसणारी बाई फुकट. ह्यांच्या पाट्या एकेक करून उतरल्या. चपलांच्या दुकानाची उतरली तेव्हा मालकाने सांगितलंसुद्धा नाही. हे जाता जाता बघतात तर पाटी गटाराच्या कडेला उपडी पडलेली. उचलली, खांद्यावर टाकली आणि घरी आणली. त्यानंतर त्या रस्त्यावर पाय ठेवला नाही. चप्पल तुटली की गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे. मी म्हणायचे, अहो, चपला घ्यायला जाताना जेवढ्या चपला झिजतात तेवढ्यात दोन जोड आले असते. ऐकतील तर शपथ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते आमच्याच घरात बघून म्हटलं असणार.

आता नातीचं सांगते. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण घरात ती ठकी. चालायला लागली वेळेवर, दात आले वेळेवर, बोलायचं मात्र नाव नाही. हाक मारली तर बघायची नाही. भांड्याचं झाकण फिरवत बसली की जग बुडालं तरी हिला पत्ता नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि ऑटिझम म्हणाले. स्वमग्नता. हा आजार नाही, हिची रीतच वेगळी आहे, आणि शिकवण्याची रीतही वेगळी लागेल, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझी सून ऐकून घेऊन घरी आली, न्हाणीघरात नळ सोडून रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, आता काय काय करायचं ते ठरवू. ती तशीच आहे. रडून झालं की कामाला लागते, आणि मग काम संपेपर्यंत रडत नाही.

लोकांचं काय, लोकांना जीभ आहे. एवढी गोड मुलगी, आणि... असं म्हणून थांबायचे. एकीला मी विचारलं, आणि काय? पुढचं बोल की. ती पुन्हा आली नाही, बरंच झालं.

ठकीला शिकवायला घरी एक बाई यायला लागल्या. अशाच मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलेल्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या, आवाज बारीक, पण पोलादाच्या. मी त्यांचं नाव ठेवलं थांबाबाई. कारण पहिल्या दिवशी आमच्या घरात पाऊल टाकल्यापासून त्या तेवढंच म्हणत होत्या. ठकीला तहान लागलीय हे बघून मी उठले, तर थांबा. माझ्या मुलाने तिचा बूट घालायला हात पुढे केला, तर थांबा. माझा मुलगा म्हणजे बेकरीत भट्टीसमोर दिवसभर उभा राहणारा दांडगा माणूस, पण लेकीसमोर लोण्याचा गोळा. त्याचं तोंड एवढंसं झालं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की ठकीला काय हवं ते आम्हाला तिच्या भुवईवरून कळतं, तिला तोंड उघडायची गरजच पडत नाही.

"तेच तर, आजी," थांबाबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळतं, म्हणून ती सांगत नाही. पण जगाला कुठे तिच्या भुवया वाचता येतात?"

मला राग आला. खरं बोललं की येतोच.

पण गंमत बघा, पहिली वाट सापडली ती ह्यांच्याकडे. कामं बंद झाली तरी हे मागच्या खोलीत फळ्या घेऊन बसायचेच. पाटीवर सरळ रेघ पाडायची तर दोरी मारावी लागते. दोरी निळीत घोळवायची, दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. टण्ण आवाज होतो आणि निळी सरळ रेघ उमटते. ठकी त्या आवाजाला येऊन उभी राहायची. हाकेला न येणारी पोर दोरीला यायची. एके दिवशी दोरी मारून झाली तर तिने ह्यांचा हात धरला आणि दोरीवर नेऊन ठेवला. थांबाबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, हे मागणं आहे, आजोबा. हिने तुमच्याकडे काहीतरी मागितलं. आता इथूनच सुरुवात करू.

चित्रं द्यायची आणि वस्तू घ्यायची, अशी ती पद्धत. पाणी हवं तर पाण्याचं चित्र समोरच्याच्या हातात द्यायचं, की लगेच पाणी मिळतं. एक माणूस समोर वस्तू घेऊन बसणार, दुसरा मुलीच्या मागे बसून तिचा हात हलकेच पुढे करणार, आणि तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. हळूहळू मागचा हात काढून घ्यायचा. आणि हे घरातल्या प्रत्येकाने एकसारखं करायचं. आई करते आणि आजी लाड करते असं चाललं तर पालथ्या घड्यावर पाणी. चित्रं छापून आणू का, असं थांबाबाईंनी विचारलं. छापून हा शब्द आमच्या घरात! हे उठले, माळ्यावरून ती चपलांच्या दुकानाची पाटी काढली आणि करवतीने तिचे बिस्किटाएवढे तुकडे केले. मी बघत राहिले. इतकी वर्षं जिला कुणाला हात लावू दिला नाही ती पाटी. हे म्हणाले, फळी चांगली आहे, आणि घेतला ब्रश.

काय चित्रं काढली म्हणून सांगू. दोरीचं काढलं, त्यात दोरीचा पीळसुद्धा दिसत होता. झोपाळ्याचं, बुटांचं, संडासाच्या दाराचं, कडी तुटलेली तीही. आणि पाण्याचं म्हणून आमचा पेला. ठकीचा पेला एकच, स्टीलचा, कधीतरी माझ्या हातून पडून कडेला पोचा आलेला. तो पोचा, त्यातली खिडकीची चकाकी, आत पाणी. बघणाऱ्याला तहान लागावी. प्रत्येक तुकड्याला भोक पाडलं, आकडे लावले आणि सगळं दोरीत अडकवून तिच्या गळ्यात घातलं. ह्या तुकड्यांनाही आम्ही पाट्याच म्हणायचो. दोरीची गाठ अशी की जरा ओढली की सुटावी. थांबाबाईंनी बजावलं होतं, गळ्यात काही घालायचं तर ते झटक्यात सुटलं पाहिजे.

शिकायला वेळ लागला. सगळ्यात जास्त वेळ आम्हाला लागला. माझ्या मुलाला समोर बसवलं की तो डोळ्यांनीच तिला पाणी पाजायचा. सून रोज संध्याकाळी औषधांच्या दुकानातलं काम संपवून आली की आमची उजळणी घ्यायची, शाळामास्तरासारखी. पण एका सकाळी ठकी आपणहून उठली, गळ्यातला पेला काढला, स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पिठाच्या हातात ठेवला. मागे कुणी नव्हतं. मी पेला काठोकाठ भरून दिला. हे खोकल्याचं निमित्त करून मागे निघून गेले. मला काय कळत नाही होय.

त्या जोरावर सुनेने तिला साध्या शाळेत घातलं. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उंच, कोरड्या, पण मनात एक आणि ओठात एक असल्या नव्हेत. त्यांनी तोंडावर सांगितलं. सत्र संपेपर्यंत बघू. तोवर आईने वर्गाबाहेरच्या बाकावर बसावं. सत्र संपताना मुलीला आपल्याला काय हवं ते आमच्या माणसांना सांगता आलं पाहिजे, आईशिवाय. नाही जमलं तर मागची खोली. ती मागची खोली आम्ही पाहिली होती. जी मुलं वर्गात आवरत नाहीत त्यांना तिथे खेळणी देऊन बसवतात आणि एक मावशी लक्ष ठेवते. मारत नाहीत, रागावत नाहीत. शिकवतही नाहीत. औषधांच्या दुकानदाराने सुनेची जागा सत्र संपेपर्यंतच राखून ठेवली होती. म्हणजे एका बाजूला मागची खोली, दुसऱ्या बाजूला सुनेला जन्मभर बाक.

निघताना मोठ्या बाई आणखी एक बोलल्या. "चित्रं छान आहेत. पण ज्या दिवशी आमच्यातल्या कुणाला चित्र कळणार नाही, त्या दिवशी ही काय करेल?"

आणि शाळेत गाडं अडलं. ठकी घरी यायची ती ओठ सुकलेले घेऊन. दारातून थेट स्वयंपाकघर, पेल्याची पाटी माझ्या हातात, पाणी घटाघटा. पुन्हा पाटी, पुन्हा पाणी. वर्गातल्या बाई वाईट नव्हत्या. त्या पाण्याचा मग समोर धरून वाट बघायच्या, सांगितलं होतं तसं. ठकी गळ्यातला पेला हातात घ्यायची, मगाकडे बघायची, पेल्याकडे बघायची आणि पाटी सोडून द्यायची. बाईंना वाटलं, तहान नसेल. मग तिला लघवीला जळजळ सुरू झाली, अंग तापलं. सून बाकावर बसून काचेतून हे सगळं बघत होती आणि आत जायची तिला परवानगी नव्हती. त्या दिवसांत तिचं वजन निम्मं झालं असेल. पण बाक सोडला नाही.

थांबाबाई आल्या. ठकीने आमच्यासमोर झकास पाणी मागून दाखवलं. आम्ही म्हटलं, बघा, येतंय की, शाळेचंच काहीतरी चुकतंय. थांबाबाईंनी आमचा पेला फडताळात ठेवला आणि पाहुण्यांचा काचेचा ग्लास काढला. भरून समोर धरला. ठकीने पाटी हातात घेतली, ग्लासाकडे बघितलं, पाटी सोडली. मग थांबाबाईंनी पोचा आलेला पेला काढला. लगेच पाटी हातात.

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. ती पाटी म्हणजे पाणी नव्हतंच. ती पाटी म्हणजे आमचा पेला होता, पोच्यासकट. तो पेला शाळेत नव्हता, म्हणून पोरीने तो मागितला नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. ती आजोबांवर गेली होती, समोर नाही ते नाही.

"आजोबा, तुम्ही फार हुबेहूब काढलंय," थांबाबाई म्हणाल्या. "तेच आड येतंय. मला कुणाचाच नसलेला पेला काढून द्या."

हे म्हणाले, असा पेला जगात नसतो. आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. ज्या हाताची जन्मभर वाहवा झाली त्या हाताला, तू वाईट काढ, असं सांगणं सोपं नाही हो. म्हणून मी काही बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते आमच्या घरात विचारा.

दुसऱ्या दिवशी हे कामाला बसले. पहिला पेला काढला, तो बघून मुलगा म्हणाला, हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा. खरंच त्याचा होता, बुडाशी जाड. दुसरा काढला तो दवाखान्यातला. तिसऱ्यात पुन्हा चकाकी आली. पुसायचे, काढायचे, पुसायचे. हात थांबेचना, कुठेतरी खरं काहीतरी घुसायचंच. मुलगा भीत भीत म्हणाला, छापून आणू का? ह्यांनी असं बघितलं की तो बेकरीत लवकर निघून गेला. मीच एक काढून दाखवला, तर बादली झाली. शेवटी चिडून ह्यांनी ब्रश डाव्या हातात घेतला. डाव्या हाताला काही येत नव्हतं. दोन तिरप्या रेघा, एक आडवी, मधे निळा रंग. पोरं जमिनीवर काढतात तसा. हे त्याच्याकडे बघत बसले, जणू शत्रूचं पत्र आलंय. मग मला म्हणाले, हा कुणाचा? मी म्हटलं, कुणाचाच नाही. म्हणाले, मग झालं. आणि एकेक करून बूट, दार, झोपाळा, सगळं डाव्या हाताने नव्याने काढलं. दोरी तेवढी ठेवली जुनी. तिला हात लावला नाही, आणि आम्हीही सुचवलं नाही.

नुसतं चित्र बदलून भागणार नव्हतं. थांबाबाई म्हणाल्या, वेगवेगळी घरं, वेगवेगळी माणसं, वेगवेगळी भांडी. ठकीला कळलं पाहिजे की ही पाटी कुठेही चालते. सत्र संपायला फार दिवस उरले नव्हते. सून दिवसभर बाकावर, मुलगा भट्टीवर, माझे गुडघे असे. राहिले हे.

आणि दहा ठिकाणी पाणी मागायला जायचं तर बाजाराचा रस्ता सोडून कुठे जाणार?

शाळा सुटल्यावर निघाले, मी खिडकीतून बघत होते. हे ठकीचं बोट धरून कोपऱ्यापर्यंत गेले, थबकले, परत दोन पावलं मागे आले. मग ठकीनेच ओढलं असेल, कारण तिला थांबवत नाही. गेले. न्हाव्याकडे गेले, घड्याळवाल्याकडे गेले, कापडवाल्याकडे गेले. सगळी एकेकाळची गिऱ्हाईकं, सगळ्यांनी पाट्या उतरवलेल्या. प्रत्येकाला तेच समजावलं. पाणी भरून समोर धरा, पण तिने पाटी दिल्याशिवाय देऊ नका, आणि बोलू नका. न्हावी म्हणाला, दोन्ही गोष्टी मला जन्मात जमल्या नाहीत, पण बघतो.

सगळ्यात शेवटी चपलांचं दुकान. हे मला नंतर शेजारच्या कापडवाल्याकडून कळलं, ह्यांनी कुठलं सांगायला. मालक म्हातारा झालाय. ह्यांना दारात बघून तो उठून उभा राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, हे एकदम म्हणाले, एक पेला पाणी लागेल. मालकाने हिरव्या प्लास्टिकच्या ग्लासात पाणी आणलं आणि पोरीच्या तोंडाशीच लावलं. लहान मुलीला पाण्यासाठी ताटकळत कसं ठेवायचं, म्हणाला, पाप लागेल. ह्यांना ते सगळं पहिल्यापासून समजावावं लागलं. ज्याच्याशी इतकी वर्षं अबोला, त्याच्याशी इतकं बोलावं लागलं. मालक ग्लास धरून बसला, ओठ घट्ट मिटून. ठकी ग्लासाकडे बघत होती. ह्यांनी मागून तिच्या कोपराला नुसतं बोट लावलं. बराच वेळ गेला. मग पाटी मालकाच्या हातात पडली.

पाणी दिल्यावर मालकाने पाटी उलटी केली. मागच्या बाजूला जुना रंग होता, चपलेचा पट्टा आणि उसवलेला टाका. तो तसाच बघत राहिला. म्हणाला, पेंटर, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. हे म्हणाले, उद्या याच वेळेला येतो, उद्या कप घ्या, ग्लास नको. झालं. एवढ्यावर मिटलं. पुरुषांचं मिटतं कसं ते मला अजून कळलेलं नाही.

रोज जात राहिले. ऊन असो, ठकीचा मूड असो नसो. एकदा कापडवाल्याकडे कुत्रा भुंकला आणि ही कान दाबून जमिनीवर पडून किंचाळली, लोक जमले. ह्यांनी तिच्याकडे पाठ करून उभं राहून लोकांना दूर ठेवलं, ती शांत होईपर्यंत, आणि मग पुढच्या दुकानात गेले. घरी येऊन म्हणाले, आज एक दुकान कमी झालं, उद्या भरून काढू. माझ्या मुलाने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिला बेकरीत नेऊ लागला. तिथे कढईएवढ्या मगातून पाणी पितात म्हणे. ठकीने तोही मागून घेतला. शाळेतूनही सूनबाई सांगत आली, आज मगातलं पाणी मागितलं. सांगताना ती बूट न काढताच घरभर फिरत होती.

सत्राच्या शेवटी मोठ्या बाईंनी बोलावलं. सगळे आलात तरी चालेल, पण बाहेर, मुलीला दिसू नका. आम्ही मागच्या खिडकीशी उभे राहिलो. मी, हे, सून, थांबाबाई. मुलगा भट्टी सोडून आला होता, कोपरापर्यंत पीठ. मोठ्या बाई स्वतः ठकीसमोर बसल्या, आपल्या खोलीतला उंच काचेचा ग्लास घेऊन. ठकीने गळ्यातली पाटी काढली आणि दिली. विचारही केला नाही. पाणी प्यायली. सुनेने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

मोठ्या बाईंनी मान हलवली. त्या उठणार इतक्यात ठकीने आणखी एक पाटी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. दोरीची.

ती तेवढी जुनी पाटी, आमच्या घरापुरती. मोठ्या बाईंनी ती सरळ केली, आडवी केली, लांब धरली. त्यांना कळेना. साप आहे का, असं वर्गातल्या बाईंना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. हाच तो दिवस होता, मोठ्या बाईंनी सांगितलेला. सून दाराकडे धावणार, तेवढ्यात ह्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब," हे म्हणाले.

ठकी वाट बघत होती. दोरी मिळेना. ती हाताचे पंजे झाडायला लागली. घाबरली की ती तसं करते, पुढे किंचाळणं येतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिने गळ्याजवळची गाठ ओढली होती. सगळ्या पाट्या खडखड करत जमिनीवर पडल्या, बूट, दार, झोपाळा, पेला, ह्यांच्या दोन्ही हातांची सगळी मेहनत. तिच्या हातात नुसती दोरी राहिली. ती फळ्यापाशी गेली, खडूच्या भुग्यात दोरी घोळवली, एक टोक फळ्यावर दाबून बघितलं आणि परत येऊन मोठ्या बाईंचा हात धरला. ओढत नेलं. एक टोक त्यांच्या चिमटीत दिलं, दुसरं स्वतः फळ्यावर दाबलं. मधे दोरी उचलली आणि सोडली.

रेघ वाकडी आली, पण आली. ठकी हसली. तिचं हसणं उचकीसारखं असतं, घराबाहेर ते कुणी ऐकलेलं नव्हतं. मोठ्या बाईंच्या बाहीवर खडूचा भुगा सांडला होता. त्यांनी तो झटकला नाही. म्हणाल्या, अच्छा, हे होय. खिडकीकडे बघून सुनेला म्हणाल्या, उद्यापासून बाकावर बसू नका, कामावर जा.

सून खाली बसली आणि रडली. काम संपलं होतं ना.

हे पाट्या गोळा करायला आत गेले. ठकीने त्यांना बघितलं. मला वाटलं, आता ही आजोबांकडे येणार, दोरी म्हणजे तर आजोबा. ह्यांनाही वाटलं असणार, कारण त्यांनी हात पुढे केला. तिने एकदा बघितलं आणि पुन्हा मोठ्या बाईंकडे वळली, दोरी घोळवायला लागली. ह्यांचा हात तसाच राहिला. मग तो खाली घेऊन ते म्हणाले, "जरा ताणून धरा बाई, सैल धरली की रेघ हलते." आणि पाट्या खिशात भरून बाहेर आले.

माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. डोळे लाल, ओठांवरून जीभ फिरवत होते. पाणी हवं होतं त्यांना. एवढ्या वर्षांच्या संसारात मला ते त्यांच्या भुवईवरून कळतं. बाटली माझ्या पिशवीतच होती. पण मी नाही काढली. म्हटलं, मागू दे.

मागितल्यावर दिली.